जाब कोणी कोणाला द्यायचा?

दोहा,
१३ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचले. इराणचा फुटबॉल संघ आशियाई चषकाच्या उपांत्य सामन्यात कतारकडून हरला त्या रात्रीच तू ते लिहिले असावेस, कारण त्यात तुझा नेहमीचा तोल नाही. तारेमी, अझमून, जहानबख्श ही युरोपात पैसा मिळवणारी मंडळी देशाची जर्सी अंगावर आली की अंग चोरून खेळतात, आणि म्हणूनच १९७६ नंतर इराणला आशियाई चषकाचे तोंड दिसलेले नाही, असा तुझा एकूण रोख आहे. मी तो सामना अल थुमामा स्टेडियममध्ये बसून पाहिला, आणि कचेरीतल्या शिराझच्या एका इराणी सहकाऱ्याच्या नादाने गेली अनेक वर्षे या संघाच्या मागे आहे. तुझ्या आरोपाचा पहिला भाग मला मुळीच पटत नाही. पाणी मुरते आहे हे खरे, पण ते दुसरीकडे.

निष्ठेचे आधी सांगतो. चौथ्याच मिनिटाला अझमूनने गोलकडे पाठ असताना हवेत झेप घेऊन मारलेली किक तू टीव्हीवर पाहिलीच असशील. त्यानंतर कतारने दोन गोल केले, जहानबख्शने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ८२व्या मिनिटाला अलमोएझ अलीने कतारला पुन्हा पुढे नेले. भरपाईच्या वेळेत इराणचा बचावपटू खलीलझादेला लाल कार्ड मिळून संघ दहावर आला, तरीही ते सगळे कतारच्या गोलसमोर ठाण मांडून होते आणि अगदी शेवटी जहानबख्शचा फटका खांबाला लागून परतला. मी बसलो होतो त्या बाजूला इराणी प्रेक्षकांचा ढोल तोवर थांबला नव्हता. अंग चोरणारी माणसे असे खेळत नाहीत. त्याआधी चारच दिवस याच संघाने जपानविरुद्ध पिछाडीवरून येऊन ९६व्या मिनिटाच्या पेनल्टीवर सामना जिंकला होता. २०१५ मध्ये इराकविरुद्ध दुसरा अर्धा डाव आणि सगळा जादा वेळ दहा जणांनी खेळून, जादा वेळेत दोनदा पिछाडी भरून काढून सामना ३-३ असा पेनल्टीपर्यंत नेणारेही इराणीच होते. तिथे ते हरले, पण मेहनतीत कसूर केली असे त्यांचा शत्रूही म्हणणार नाही.

आता याच सामन्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. २०१५ च्या त्या सामन्यात संघ दहावर आला तो पूलादीला मध्यंतराच्या तोंडावर दुसरे पिवळे कार्ड मिळाले म्हणून. यंदा सीरियाविरुद्ध नियमित वेळ संपता संपता तारेमीने दुसरे पिवळे कार्ड ओढवून घेतले, संघ पेनल्टीवर कसाबसा वाचला आणि जपानविरुद्ध संघाचा पहिल्या क्रमांकाचा आक्रमक बाहेर बसला. जपानला हरवल्यामुळे त्या कार्डाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मग उपांत्य सामन्यात, बरोबरीसाठी एकेक मिनिट मोलाचे असताना, खलीलझादेने कतारच्या अफीफला पाडून लाल कार्ड घेतले. खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, नऊ वर्षे गेली, आणि बाद फेरीतली ही सवय मात्र गेली नाही. २०१५ च्या त्या कार्डाचे खापर इराणमध्ये आजही ऑस्ट्रेलियन पंचावर फोडले जाते. कार्ड वादग्रस्त होते हे मीही मानतो. पण एक कार्ड आधीच खिशात असलेल्या बचावपटूने गोलरक्षकाच्या अंगावर जावे का, हा प्रश्न पंचाला विचारून उपयोग नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे २०१९ चा अल ऐनमधला उपांत्य सामना. जपान समोर होता. तोपर्यंतच्या पाच सामन्यांत इराणने एकही गोल खाल्ला नव्हता, आणि या सामन्यातही मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. ५६व्या मिनिटाला जपानचा मिनामिनो पेनल्टी क्षेत्राच्या कडेला धक्का लागून पडला. शिट्टी वाजली नाही. चेंडू कोपऱ्याच्या बाजूला घरंगळत चालला होता आणि इराणचे पाच खेळाडू, त्यातले बहुतेक बचावफळीतले, हात उंचावून पंचाकडे धावले. मिनामिनो उठला, चेंडू रेषेबाहेर जाण्याआधी त्याने गाठला आणि आत टोलवला. ओसाकोने मोकळ्या जागेत उभे राहून डोके लावले. ते चित्रण मी पुढे कितीतरी वेळा पाहिले. पंचाभोवती जमलेल्यांपैकी एकाचेही तोंड चेंडूकडे नव्हते. पुढे दोन गोल आणखी झाले, ३-० असा निकाल लागला, पण सामना त्या काही सेकंदांत गेला होता. तुझ्या हाताखालची पोरे असे वागली असती तर तू त्यांना पुढचा आठवडा मैदानाभोवती पळवले असतेस.

त्या रात्रीनंतर इराणचे प्रशिक्षक कार्लोस केरोझ आठ वर्षांची कारकीर्द संपवून निघून गेले. ते जाणारच होते. पण पंचाकडे धावलेल्या पाचांपैकी कोणाची जागा त्यामुळे धोक्यात आल्याचे निदान मला तरी दिसले नाही. इराणच्या फुटबॉल महासंघाने त्यांच्या जागी मार्क विल्मॉट्सना आणले. बहारीन आणि इराककडून लागोपाठ पराभव झाले, ते वर्ष संपण्याआधीच विल्मॉट्स गेले आणि त्यांच्या करारापायी महासंघाला लाखो युरोंचा भुर्दंड मागे राहिला. तो करार करणारे अध्यक्ष मेहदी ताज यांनी प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला, आणि २०२२ मध्ये तेच पुन्हा निवडून आले. आता तूच सांग, वरच्या खुर्चीतल्या माणसाचा हा हिशेब उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या खेळाडूकडून आपण कोणत्या तोंडाने उत्तर मागायचे?

स्कोचिच यांचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. २०२० मध्ये हे क्रोएशियन प्रशिक्षक आले तेव्हा विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संघाचा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी उरलेले चारही सामने जिंकून दिले आणि पुढची फेरीही आरामात नेली. २०२१ च्या अखेरीस तारेमीने समाजमाध्यमावर त्यांच्यावर उघड टीका केली, आणि नोव्हेंबरच्या सामन्यांतून स्कोचिच यांनी त्याला वगळले. इराणी फुटबॉलमध्ये खेळाडूला त्याच्या वागण्याबद्दल फुटबॉलच्या मैदानातल्या माणसाने जाब विचारल्याचे हे माझ्या आठवणीतले जवळजवळ एकमेव उदाहरण. त्याचा परिणामही बघ. जानेवारी २०२२ मध्ये तारेमी परत आला आणि तेहरानमध्ये इराकविरुद्ध जहानबख्शच्या पासवर त्यानेच एकमेव गोल करून विश्वचषकाचे तिकीट पक्के केले. शिक्षा झाली, माणूस परतला, काम झाले. पण पुढे संघात प्रशिक्षकाच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडल्याच्या बातम्या येत राहिल्या. जुलैमध्ये स्कोचिच यांना काढले, आठवड्याभरात परत बसवले, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा काढून केरोझना बोलावले. विश्वचषक तेव्हा अडीच महिन्यांवर होता. संघाला विश्वचषकात नेणाऱ्या माणसाला असा निरोप मिळाल्यावर, पुढच्या वेळी तारेमीला बाहेर बसवण्याची हिंमत कोणता प्रशिक्षक करील?

तू म्हणशील, मग खेळाडूंना मोकळे सोडले आहे का? तसे मुळीच नाही. त्यांना जाब विचारणारे पुष्कळ आहेत, फक्त ते फुटबॉलचा जाब विचारत नाहीत. २००९ मध्ये सोलमध्ये, इराणमधल्या निवडणुकीनंतरच्या गदारोळात, काही खेळाडू विरोधकांच्या हिरव्या रंगाच्या पट्ट्या मनगटाला बांधून उतरले, आणि मध्यंतरानंतर बहुतेकांच्या मनगटावरून त्या नाहीशा झाल्या. त्या सामन्यात इराणचा गोल मसूद शोजाईने केला होता. हाच शोजाई २०१७ मध्ये हाजसफीबरोबर ग्रीसच्या पानिओनिओस संघाकडून तेल अवीवच्या संघाविरुद्ध खेळला. इस्रायलमधल्या सामन्याला दोघे गेले नव्हते, ग्रीसमधल्या सामन्यात क्लबच्या करारानुसार उतरले, आणि इस्रायली संघाशी खेळले म्हणून इराणच्या क्रीडा उपमंत्र्यांनी ते पुन्हा राष्ट्रीय संघात दिसणार नाहीत असे जाहीर केले. ‘फिफा’ने विचारणा केल्यावर प्रकरण निवळले आणि पुढच्या वर्षी विश्वचषकात मोरोक्कोविरुद्ध शोजाईच्याच दंडाला कर्णधाराची पट्टी होती. एका दिवशी जन्मठेप आणि दुसऱ्या दिवशी माफी, असा हा कारभार.

लोकांच्या बाजूनेही दया नाही. २०१८ च्या विश्वचषकानंतर अझमूनने वयाच्या २३व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली होती, आठवते? त्याला झालेल्या शिवीगाळीने त्याच्या आईचा आजार बळावला, असे त्याने लिहिले होते. तो परतला, पण ते शब्द कोणी विसरलेले नाही. आणि २०२२! हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर देश रस्त्यावर असताना हा संघ इथे दोह्याला आला. निघण्यापूर्वी राष्ट्राध्यक्षांची भेट घेतली म्हणून लोक संतापले. पत्रकार परिषदेत कर्णधार हाजसफीने शोकाकुल कुटुंबांचे सांत्वन केले आणि आम्ही त्यांच्या सोबत आहोत असे सांगितले, आणि इंग्लंडविरुद्ध एकाही खेळाडूने राष्ट्रगीत म्हटले नाही. तो सामना ६-२ असा गेला. वेल्सविरुद्ध ते पुटपुटल्यासारखे गायले. आधीच्या दिवशी इराणमध्ये माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू वोरिया गफूरी यांना अटक झाली होती. त्या सामन्यात भरपाईच्या आठव्या आणि अकराव्या मिनिटाला दोन गोल करून ते जिंकले, आणि प्रेक्षागृहात इराण्यांचेच इराण्यांशी खटके उडत होते. माझा शिराझचा सहकारी त्या दिवशी सामन्याला आला नव्हता, आणि का आला नाहीस हे मी त्याला विचारले नाही.

एकाच माणसाकडे सरकार एक उत्तर मागते, रस्त्यावरची तरुण मुलगी दुसरे मागते, आणि दोन्ही उत्तरांची किंमत त्याच्या घरच्यांना मोजावी लागू शकते. अशा संघात खेळाडू काय शिकतात? एकमेकांना चिकटून राहायला आणि ड्रेसिंग रूमचे दार लावून घ्यायला. ते दार बाहेरच्यांसाठी लावलेले असते, पण त्यामागे पंचाकडे धावलेल्या पाचांनाही आसरा मिळतो. आतली चूक आतच दाखवणे याला मग फितुरी मानतात. तुमच्याकडे कोल्हापुरात पेठेचा संघ शाहू स्टेडियमवर हरला की संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर पोराला तोंड दाखवावे लागते, आणि बोलणारा स्वतः कधीतरी खेळलेला असतो, म्हणून पोरगा ऐकून घेतो. तेहरानमध्ये तो कट्टाच नाही. आहे ते मंत्रालय, आणि मोबाइलवरचा शिव्यांचा पाऊस.

मंत्रालयाचा जाब कसा असतो हे २००६ च्या विश्वचषकाच्या वेळी दिसले होते. अली दाई तेव्हा ३७ वर्षांचे होते. मेक्सिकोविरुद्ध त्यांना पहिल्यापासून खेळवू नये असे अर्धा देश म्हणत होता, पण प्रशिक्षक इवान्कोविच यांनी खेळवले आणि संघ ३-१ हरला. दाई यांच्या नावावर तेव्हा जगात सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल होते, त्यांना थांबा म्हणणे सोपे नव्हते हे मी जाणतो. पण ते सांगणे प्रशिक्षकाचे काम होते आणि ते झाले नाही. उलट स्पर्धेनंतर महासंघाचे अध्यक्षच हटवले गेले, सरकारी हस्तक्षेपामुळे ‘फिफा’ने नोव्हेंबरमध्ये इराणवर बंदी घातली आणि ती पुढच्या महिन्यात उठली. मूळ प्रश्न, म्हणजे नावावर जागा मिळते की खेळावर, तसाच पडून राहिला.

आज तो पुन्हा समोर आला आहे. हाजसफी आणि खलीलझादे चौतिशीत आहेत, तारेमी आणि गोलरक्षक बैरानवंद ३१ वर्षांचे, जहानबख्श ३० चा. सध्याचे प्रशिक्षक गालेनोई यांनी या स्पर्धेत त्याच मंडळींवर भिस्त ठेवली. उपांत्य फेरी गाठल्यामुळे त्यांची खुर्ची शाबूत राहील असे मला वाटते, आणि तसे झाले तर मला वाईट वाटणार नाही, कारण दर पराभवानंतर प्रशिक्षक बदलणे ही जाबातून सुटण्याची महासंघाची जुनीच युक्ती आहे. मार्चमध्ये विश्वचषक पात्रतेचे दोन सामने तुर्कमेनिस्तानशी आहेत. प्रतिस्पर्धी दुबळा आहे, तेव्हा गुणफलकाकडे मी फारसे पाहणार नाही. यादीत बचावफळीत किती नवी नावे आहेत, आणि खलीलझादेचे नाव आहे का, एवढे मात्र बघणार आहे. यादी आली की तुला कळवतो. तोपर्यंत तारेमीला शिव्या देणे थांबव, निदान कार्डाखेरीज दुसऱ्या कशासाठी तरी.

वहिनींना नमस्कार. मुलांच्या संघाचे सामने कसे चालले आहेत ते सविस्तर लिही.

तुझा,
अविनाश