सोफ्यावरचा लेमूर

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत परदेशी पाळीव प्राण्यांवर आलेल्या लेखासोबत सोफ्यावर बसलेल्या लेमूरचा, म्हणजे माकडांच्या एका दूरच्या नातलगाचा, फोटो होता. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांब शेपटी, केशरी डोळे; फोटो देखणा होता यात वाद नाही. पण तो प्राणी एकटा होता आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

हा लेमूर मूळचा फक्त मादागास्करचा, त्यातही दक्षिण आणि नैऋत्य भागातला. तिथल्या नदीकाठच्या रानात चिंचेची मोठी झाडे आहेत. चिंचेचा पाला आणि चिंचा हे त्याचे मुख्य अन्न. साधारण दहा-वीस जणांचा कळप असतो आणि त्यात सत्ता माद्यांची चालते. खाण्याचा पहिला मान त्यांचा. कळपातल्या सगळ्यात दुबळ्या मादीपुढेही नर मागे सरतो. मुली आईच्याच कळपात राहतात, नर वयात आला की दुसरीकडे जातो. प्राणी-अभ्यासक अॅलिसन जॉली यांनी १९६०च्या दशकात दक्षिण मादागास्करमधल्या बेरेंटीच्या रानात हे बारकाईने टिपून ठेवले. नरांची भांडणेही वासाची असतात. मनगटावरच्या ग्रंथींना शेपटी घासायची आणि ती प्रतिस्पर्ध्याकडे झटकायची! सकाळी पोटावर ऊन घेत बसायचे, रात्री एकमेकांना बिलगून झोपायचे. मादी वर्षातून जेमतेम काही तास माजावर येते आणि बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते.

यातले फ्लॅटमध्ये काय उरते? वास कुणासाठी सोडायचा, बिलगायचे कुणाला? लहानपणी अंगाखांद्यावर खेळणारा लेमूर वयात आला की चावू लागतो, मग तो नकोसा होतो. गोड फळांनी तो लठ्ठ होतो. बंदिवासातल्या लेमूरांच्या यकृतात लोह साठण्याचा विकारही आढळला आहे; रानातल्या पाल्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लोह शोषू देत नाही आणि बंदिवासातल्या खाण्यात ते कमी पडते, असे त्याचे एक कारण मानले जाते.

प्राणिसंग्रहालयांना माझा सरसकट विरोध नाही. कळप एकत्र ठेवणारी, ऊन आणि झाडे देणारी ठिकाणे आहेत. अमेरिकेतले ड्यूक लेमूर सेंटर १९६६पासून हे काम करते. मादागास्करमध्ये कोळशासाठी आणि मक्याच्या शेतीसाठी रान तुटते, त्याचाही या प्राण्याला मोठा फटका बसतो. पण पोटासाठी झाड तोडणाऱ्याला आणि हौसेखातर लेमूर विकत घेणाऱ्याला मी एका मापाने मोजणार नाही.

फोटोने काय बिघडते, असे कुणी म्हणेल. २०१६मध्ये दोन मुलांकडून पाठ खाजवून घेणाऱ्या लेमूरची चित्रफीत जगभर पसरली. त्यानंतर ‘मलाही असा लेमूर हवा’ असे लिहिणारे ट्विटरवर वाढल्याचे संशोधकांना आढळले. आपल्याकडेही मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून परदेशी प्राणी सापडल्याच्या बातम्या आपणच छापता.

लेमूर सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक, परिशिष्टात आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करणे बंधनकारक आहे. यापुढे असा फोटो छापण्याआधी तो प्राणी कुठून आणला आणि त्याची नोंद झाली आहे का, हे मालकाला विचारावे आणि त्याचे उत्तरही फोटोखाली छापावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक