गहू बंद करण्याआधी रक्त तपासा

संपादक महोदय,

माझ्या मुलीचं पोट सतत फुगायचं, जुलाब थांबत नव्हते, वजन तर वाढतच नव्हतं. कुणीतरी सुचवलं, गहू बंद करून बघा. मी केला. 3 आठवड्यांत पोर हसूखेळू लागली. 5 महिन्यांनी सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी केली, तर अहवाल निगेटिव्ह! तज्ज्ञ डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "सध्या ती गहू खाते का?"

या तपासणीत ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणाऱ्या अँटीबॉडी मोजतात. गहू, बार्ली, राय ही ग्लूटेन असलेली धान्यं बंद केली की त्या ओसरत जातात आणि लहान आतड्याचं अस्तरही भरून येऊ लागतं. आजार असतो, पण त्याच्या खुणा पुसल्या जातात. जनुकीय तपासणीला ग्लूटेन लागत नाही हे खरं, पण तिच्यावरून आजार असल्याचं सिद्ध होत नाही.

मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली 6 आठवडे पुन्हा रोज ब्रेडचे 2 स्लाइस. चौथ्या दिवशी पोट घट्ट धरून ती म्हणाली, "आई, तूच म्हणाली होतीस ना, हे खायचं नाही?" उरलेला अर्धा स्लाइस हातात धरून मी नुसती बसून राहिले. अखेर रक्ततपासणी आणि बायोप्सी (आतड्याच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी), दोन्हींतून सीलिॲकच निघाला.

पथ्य सुचवणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे: आधी रक्त तपासायला पाठवा. आणि गहू आधीच सोडला असेल, तर तो आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा.

— एक आई