सुदानचे काचबिंदूचे रुग्ण

महोदय,

सुदानच्या युद्धाच्या बातम्यांत मृत, जखमी आणि उपाशी माणसे दिसतात; काचबिंदूचे रुग्ण दिसत नाहीत. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा आजार अधिक आढळतो आणि लवकर सुरू होतो. यात बहुतेकदा डोळ्याच्या आतला दाब वाढतो, पण डोळा सहसा दुखत नाही; आधी कडेची नजर जाते आणि गेलेली नजर कशानेही परत येत नाही.

१५ एप्रिल २०२३ला राजधानी खार्टूममध्ये लढाई पेटली ती ऐन उन्हाळ्यात. तिथे तेव्हा पारा चाळिशीपार असतो. हा दाब कमी करणाऱ्या, रोज रात्री घालायच्या लॅटॅनोप्रॉस्ट या थेंबांची सीलबंद बाटली साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. फोडल्यावर ती २५ अंशांखाली सहा आठवडे चालते. वीज गेली की फ्रिज बंद. उन्हाने औषधाचा गुण उतरला तरी थेंब पाण्यासारखा स्वच्छच दिसतो. रुग्ण नेमाने घालतो आणि आत दाब वाढत राहतो. अडीच मिलिलिटरची बाटली दोन्ही डोळ्यांना जेमतेम तेवढेच सहा आठवडे पुरते. पुढची मिळेल याचा भरवसा नसला की माणसे एक दिवसाआड घालू लागतात आणि तिथेच घात होतो.

म्हणून मदतीच्या पेट्यांत दाब कमी करणारे, फ्रिज न लागणारे टिमोलॉल ०.५ टक्के हे थेंब हवेच. मात्र दमा किंवा मंद नाडी असलेल्याला ते देऊ नये. छावणीत न विचारता बाटल्या वाटणे जिवावर बेतू शकते. सोबत दाब उतरवणाऱ्या २५० मिलिग्रॅमच्या ॲसेटाझोलामाइडच्या गोळ्या असाव्यात. औषध संपले तर त्यावर काही दिवस निभावते, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना त्या चालत नाहीत.

शस्त्रक्रिया करून मोकळे व्हावे, असे सुचवले जाते. पण ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातले पाणी बाहेर पडायला नवी वाट करणारी शस्त्रक्रिया, केल्यानंतर पहिले काही आठवडे वारंवार तपासावे लागते, वेळेवर टाके सैल करावे लागतात. नाही तर पाणी निघायची केलेली वाट बुजते. पुढे कित्येक वर्षांनीही डोळा लाल होऊन चिकटू लागला, तर त्याच दिवशी उपचार हवेत. रस्त्यावर गोळीबार असताना ते कसे जमावे? जिथे वीज आणि यंत्र शाबूत आहे, तिथे खुल्या कोनाच्या (डोळ्यातले पाणी निघायचा कोन उघडा असलेल्या) रुग्णांना आधी एसएलटी, म्हणजे ते पाणी नीट निघावे म्हणून करायचा लेसर, द्यावा, असे आमचे ठाम मत आहे. काही मिनिटांचे काम आहे, आणि अनेकांना पुढे काही वर्षे थेंब लागत नाहीत. परिणाम ओसरला तर पुन्हा करता येतो.

परदेशी नोकरीला असलेल्या आपल्या माणसांनीही औषधाचे मूळ नाव (कंपनीने दिलेले नव्हे), शेवटचा मोजलेला दाब आणि दृष्टिक्षेत्राचा अहवाल यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. घाईत घर सोडताना फाईल मागेच राहते, आणि जुना अहवाल नसेल तर नजर किती घसरली हे नव्या डॉक्टरला ठरवता येत नाही.

– दोन नेत्रतज्ज्ञ, पुणे