पोच घेतलीस का?

खानापूर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

फोनवर तू विचारलंस, आत मेव्हण्याच्या दम्याकडं लक्ष देत नाहीत, तर जेलवर केस करता येते काय? येते की. पण आधी दादाच्या पायाचं ऐक.

दादा अजून कच्चा कैदीच, खटल्याचा निकाल नाही. शुगर जुनी. मार्गशीर्षात भेटीला गेलो, तर जाळीपलीकडं त्यानं चप्पल काढून पाय वर केला. अंगठा जांभळा, कडेनं काळा, वर सदऱ्याची चिंधी. आत मिळायची ती दुखण्याची गोळी. मोठ्या दवाखान्यात न्यायला पोलीस एस्कॉर्ट लागतो, आणि तो आज बंदोबस्ताला तर उद्या कोर्टाला. मी विचारायला गेलो की एकच उत्तर, "नाळे बन्नी," उद्या या. शेवटी नेलं तेव्हा अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

भरपाईच्या केससाठी वकिलांकडं गेलो, तर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "अर्जाची पोच आहे?" माझ्याकडं नुसत्या तोंडी विनवण्या! आता तुरुंगाकडून लेखी आलंय, कैद्यानं तक्रारच केली नव्हती. मस्तक फिरलं बघ. वहिनीचा मराठी अर्ज कन्नडात आणा म्हणून परत दिला होता, त्याचीही कुठं नोंद नाही. पण तोच अर्ज मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून कन्नडात करून स्पीड पोस्टानं धाडला होता. पावती पंचांगात सापडली. बोटं काढायच्या एकोणीस दिवस आधीची. हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात आमची सगळी भिस्त त्या चिटोऱ्यावर.

कायदा तसा दुबळा नाही. बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या राममूर्ती नावाच्या कैद्यानं १९८४ साली थेट सरन्यायाधीशांना पत्र टाकलं. सुप्रीम कोर्टानं ते पत्रच रिट अर्ज, म्हणजे हक्कासाठीची याचिका, म्हणून घेतलं. निकालाला १९९६ उजाडलं, ते सोड. पण तुरुंगांच्या नऊ मोठ्या दुखण्यांत आरोग्याची हेळसांड कोर्टानं स्वतः मोजली. ओडिशाच्या नीलाबती बेहेराचंही पत्रच. कोठडीत मुलगा गेला, १९९३ मध्ये दीड लाख भरपाई मिळाली. तिथं मारहाण होती, आपल्याकडं दुर्लक्ष. ते शाबीत करणं जास्त किचकट. डॉक्टरनं काय सांगितलं आणि ते पाळलं की नाही, हे तारखेसह लिहून ठेवायचं, असं इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यातही होतं. म्हणून वकिलांनी आधी आतले वैद्यकीय कागद मागवलेत.

तुझ्या मेव्हण्याचं म्हणशील तर भरपाईचं नंतर बघू. त्याचा दमा वाढतोय, तर आजारपणाच्या कारणावर जामीन मागा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत त्याला कलम ४८० आहे, जुन्या संहितेतलं ४३७. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. आणि उद्याच अर्ज दे, दोन प्रती कर, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. घेत नसतील तर पोस्ट आहेच.

त्याच्या जुन्या केसपेपरची झेरॉक्स मला पाठव. मंगळवारी धारवाडला जातोय, वकिलांना दाखवतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
आप्पा