वाचून दाखवल्याबद्दल

महोदय,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. चांगल्या कामाबद्दल जाहीर कौतुक झालं की सरकारी नोकरीतल्या माणसाला ते कधी कधी जड जातं, हे मी पुरेसं पाहिलंय. आमच्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावरच्या, बॉक्साइट खाणीच्या जनसुनावणीत टेबलाच्या डाव्या टोकाला बसून टिपणं घेणारे ते तुम्ही, एवढी खूण पुरे.

खाणीचं पुढे काय होणार ते अजून कुणी सांगत नाही, आणि ते तुमच्या हातात नव्हतंच. हे पत्र त्यासाठी नाही. सगळे उठून निघाले असताना तुम्ही जे केलंत, त्यासाठी आहे.

आधी थोडं कडू बोलून घेतो, म्हणजे आभार का मानतोय ते कळेल. याआधी शेजारच्या सड्यासाठी अशीच सुनावणी झाली होती. तेव्हाही मंडपात लोक भरभरून बोलले. झऱ्यांवर बोलले, गुरांच्या चराईवर बोलले, धुळीवर तर सगळेच बोलले. पुढे इतिवृत्त बघायला मिळालं. त्यात होतं, ‘ग्रामस्थांनी रोजगाराबाबत विचारणा केली. कंपनीतर्फे सकारात्मक खुलासा करण्यात आला.’ झालं! रोजगाराबद्दल एकाने विचारलं होतं हे खरं. बाकीचे सगळे कागदावर आलेच नाहीत. ते कुणी खोडलं नव्हतं, लिहिलंच नव्हतं. आणि न लिहिलेल्याविरुद्ध दाद कुठे मागणार? आज तिथे सडा नाही, खड्डा आहे.

नियम मात्र साफ आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या) अधिसूचनेत जनसुनावणी कशी घ्यायची ते लिहिलंय. किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना, हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायची संधी, सगळ्याचं चित्रीकरण. आणि शेवटी, सगळ्या मतांचा आणि हरकतींचा गोषवारा जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावत वाचून दाखवायचा, मग त्याच दिवशी त्यावर सही. हा शेवटचा भाग मी कागदावर बऱ्याचदा वाचला होता. घडताना तुमच्यामुळे पाहिला.

त्या दिवशी संध्याकाळ झाली होती. मंडपवाला मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालत होता. व्यासपीठावरची मंडळी घड्याळं बघत होती. कुणीतरी तुम्हाला म्हणालंही, ‘नंतर करू टाइप.’ तुम्ही माइक जवळ ओढलात आणि म्हणालात, ‘बसा दोन मिनिटं, वाचून दाखवतो.’ दोन मिनिटं कुठली, चांगला पाऊण तास गेला. एकेक मुद्दा वाचायचात, वर बघायचात, कुणी काही म्हणतंय का याची वाट बघायचात आणि मग पुढे.

मग आमच्या वाडीतल्या काकींचा मुद्दा आला. तुम्ही वाचलंत, ‘श्रीमती अमुक यांनी वाडीसाठी पाणीपुरवठ्याची मागणी केली.’ काकी अर्ध्या उठल्या आणि तिथूनच ओरडल्या, ‘ओ, थांबा! मी नळ मागूक नाय. आसा ता पाणी रवांदे, इतक्याच म्हटलंय.’

मंडपात हसू पिकलं. व्यासपीठावरचे एक जण ‘तेच ते’ म्हणून हात हलवून मोकळे झाले. तुम्ही हसला नाहीत. पेनाने ती ओळ खोडलीत, काकींना म्हणालात, ‘परत सांगा, सावकाश.’ त्या सांगत गेल्या तसं तुम्ही लिहीत गेलात. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो, उताराच्या पायथ्याशी झरा होऊन येतो, त्यावर वाडीची विहीर भरते. वरचा जांभा काढलात तर खालचं पाणी जाईल. म्हणून खाण नको. लिहून झाल्यावर परत वाचलंत आणि विचारलंत, ‘असंच ना?’ त्यांनी मान डोलावल्यावरच पुढचा मुद्दा घेतलात.

मला एवढ्याबद्दलच आभार मानायचेत. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही दिसणार नाही. पण हरकत कागदावर मागणी म्हणून उतरली की काय होतं ते आम्ही भोगलंय. कंपनी एका ओळीत उत्तर देते, ‘परिसरातील गावांना टँकरने पाणीपुरवठा करण्यात येईल’, आणि मुद्दा निकाली. तज्ज्ञ समिती पुढे लांब कुठेतरी बसून तो कागद वाचते तेव्हा तिच्यासमोर काकी नसतात, झरा नसतो. असते ती तुम्ही लिहिलेली ओळ.

आमच्या सड्याच्या बाबतीत तर ती ओळ आणखी मोलाची. कारण खाणींच्या ईआयए अहवालांसाठी पाहणी सहसा एकाच ऋतूची होते, तीही पावसाळा वगळून. तशी मुभाच आहे. आणि सडा जगतो तो पावसाळ्यात! जूनमध्ये पहिल्या सरी झाल्या की कातळातल्या चिमूटभर मातीतून दीपकाडी वर येते, पांढऱ्याशुभ्र फुलांची. कोकण-गोव्याचा पट्टा सोडला तर जगात ती दुसरीकडे नाही. पुढे बोटभर साचलेल्या पाण्यात सीतेची आसवं निळी-जांभळी होतात. दिसायला नाजूक, पण पाण्यातले बारीक जीव फुग्यांत ओढून खाणारी वनस्पती आहे ती. डबक्यांत बेडूक, त्यांच्यामागे साप, वर टिटव्यांचा कलकलाट. दिवाळीनंतर गवत वाळतं, मार्चमध्ये कातळ असा तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. अहवालवाले आले ते तेव्हा. ‘वनस्पती : तुरळक गवत व झुडपे’ असं लिहून गेले. खोटं नाही लिहिलं त्यांनी. मार्चमधलं खरं लिहिलं.

कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, तिथे आता फुलं बघायला गाड्यांच्या रांगा लागतात. तसाच जांभ्याचा आमचा सडा सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, आणि सरकारी नकाशात पडीक. पावसाळ्यातला सडा त्या सगळ्या फायलीत कुठे असेल तर तो सुनावणीत लोक जे बोलले त्यातच. शाळेतल्या बाईंनी मुलांनी केलेली फुलांची यादी वाचून दाखवली, गुराख्याने डबकी कुठे कुठे असतात ते सांगितलं. तुम्ही ते ‘स्थानिकांनी निसर्गाबाबत चिंता व्यक्त केली’ असं गुंडाळलं असतंत तर कुणी तुम्हाला जाब विचारला नसता. तुम्ही यादी मागून घेतलीत आणि जोडपत्र म्हणून लावलीत.

लोकांना सांगायचंच नाही, सांगितलं तर कळेल अशा भाषेत नाही, ही खोड खालपासून वरपर्यंत आहे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. तो ग्रामसभांपर्यंत जावा अशी समितीची इच्छा, आणि मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात एका नागरिकाने भांडण केलं, माहिती आयोगाने आदेश दिला, मंत्रालय तरी कोर्टात गेलं, तिथे हरलं, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो उघड झाला. २०२० साली ईआयएच्या नव्या मसुद्यावर हरकती मागवल्या त्या हिंदी-इंग्रजी मसुद्यावर. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत तो द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आणि केंद्र सरकार त्याविरुद्धही झगडलं!

उलट उदाहरण नियमगिरीचं. ओडिशातल्या त्या डोंगरावर बॉक्साइटच होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांना विचारा म्हटलं, आणि निरीक्षक म्हणून जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अधिकारी नेमायला लावला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तो नकार जसाच्या तसा नोंदला गेला, म्हणून पुढच्या वर्षी केंद्राला खाणीची परवानगी नाकारावी लागली. तिथे न्यायाधीश लागला. आमच्याकडे तुमच्यासारखा एक माणूस पुरला, निदान त्या संध्याकाळपुरता.

निसर्ग राखायचा म्हटलं की मोर्चे, उपोषणं, वाघाला वाचवणारे वनरक्षक डोळ्यांसमोर येतात. येऊ देत, त्यांचं मोल आहेच. पण जमिनीचं भवितव्य बहुतेक वेळा टेबलावर ठरतं, आणि टेबलामागे बसलेल्याने आपलं काम नीट केलं की बरंच काही वाचतं. तुम्ही आमच्या बाजूचे नव्हतात. कंपनीच्या माणसाचं म्हणणंही तुम्ही तितकंच नीट लिहिलंत, त्याने ‘एक शब्द बदला’ म्हटल्यावर तोही बदललात. ते मला फार आवडलं. आमच्या बाजूने झुकणारा अधिकारी उद्या त्यांच्या बाजूनेही झुकला असता.

इतिवृत्त पंचायतीत लावलंय. लोक थांबून वाचतात, स्वतःचं नाव शोधतात, बोट ठेवून बाजूच्याला दाखवतात. पुढच्या सुनावणीला ही माणसं शेवटपर्यंत थांबतील, वाचून दाखवल्याशिवाय कुणाला उठू देणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर त्यांना हे थोडं जाचक वाटेल. त्याला आमचा इलाज नाही.

काकींनी नातवाकडून आपला मुद्दा वाचून घेतला आणि तुमच्यासाठी निरोप दिलाय, ‘त्या झिलाक सांग, सगळा बरा लिवल्यान, फक्त माझा नाव तेवढा चुकयल्यान.’ बघितलं तर नवऱ्याच्या नावाच्या जागी सासऱ्यांचं नाव पडलंय. दुरुस्तीचा अर्ज कुणाच्या नावे करायचा तेवढं कळवा. काकी सही करून बसल्या आहेत.

आपला,
सड्याखालच्या वाडीतला एक