मराठीचा तास एकदा राशोलला भरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळची डिचोलीची, सध्या स्पेनमधे सालामांका शहरात स्पॅनिश शिकतेय. बाबा रोज सकाळी तुमच्या पेपरातल्या पत्रांच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ते वाचून बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज लिहितेच.

इथे आमचा एक तास दर आठवड्याला वर्गाबाहेर भरतो, कुठल्यातरी जुन्या वास्तूसमोर. पहिल्यांदा मॅडम युनिव्हर्सिटीच्या जुन्या दारासमोर घेऊन गेल्या. युनिव्हर्सिटी 1218 सालची, दारावरची भिंत नंतरची आहे पण तीही काही शतकं जुनी, वरपासून खालपर्यंत नुसतं कोरीव काम, राजा-राणी, ढाली, पानं-फुलं, आणि त्या गर्दीत एका कवटीवर बसलेला इवलासा बेडूक. इथली पोरं मानतात की हा बेडूक आपला आपण सापडला तर परीक्षेत पास. मॅडम म्हणाल्या शोधा, पण ज्याला सापडेल त्याने बोट दाखवायचं नाही, बाकीच्यांना स्पॅनिशमधूनच सांगायचं कुठे आहे ते. मग सुरू झालं, वर, अजून वर, उजवीकडच्या खांबावर, नाही नाही त्याच्या खाली... हे वर-खाली-उजवं-डावं मी गोव्यात असताना ऑनलाइन क्लासला दोन महिने घोकलं होतं आणि तरी बोलायची वेळ आली की तोंडात यायचं नाही, ते तिथे उन्हात उभं राहून अर्ध्या तासात बसलं. 'एन्थीमा दे ला कालावेरा', म्हणजे कवटीच्या वर, हे आता जन्मात विसरणार नाही.

नंतर एकदा शिंपल्यांच्या वाड्यात गेलो, बाहेरच्या भिंतीवर 300 च्या वर दगडी शिंपले कोरलेत आणि आत चक्क सार्वजनिक वाचनालय. तिथे अंगणात बसून प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेतले स्पॅनिशच्या जवळचे शब्द सांगायचे होते. मी म्हटलं आमच्याकडे कुलपाची चावी, अंगाला साबण, आणि आजी शर्टाला खमीस म्हणते. इथे शर्टाला कामिसा, साबणाला हाबोन, किल्लीला याव्हे. पोर्तुगीजमधून आपल्याकडे आलेले शब्द आणि इथले शब्द एकाच घरातले. मी राहते त्या घरच्या आजींना मी गोव्याची म्हटल्यावर एकदम आनंद झाला, म्हणाल्या म्हणजे आमचा फ्रान्सिस्को हाविएर (आपला सेंट फ्रान्सिस झेवियर) तुमच्याकडे आहे! मी हिंदू घरातली, गोंयचो सायब म्हणतात आणि दहा वर्षांनी जुन्या गोव्यात शवप्रदर्शन असतं एवढंच मला माहीत, तो 1506 मधे इथल्या नावारा भागात हाविएरच्या किल्ल्यात जन्मला आणि ते नाव मुळात बास्क भाषेतलं, अर्थ 'नवं घर', हे मला इथे येऊन कळलं.

पण हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते वेगळंच आहे. 1492 मधे नेब्रिहा नावाच्या पंडिताने स्पॅनिशचं पहिलं व्याकरण छापलं ते याच शहरात, आणि इथे ते सगळ्यांना अभिमानाने सांगतात. ते ऐकताना मला एकदम आपल्या गोव्यातलं राशोल गाव आठवलं. मूळचा इंग्लंडचा, 1579 मधे गोव्यात आलेला फादर स्टीफन्स, मोठेपणी आपल्याकडच्या भाषा शिकला, मराठीत साधारण 11 हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं आणि ते 1616 मधे राशोलला छापलं, रोमन लिपीत. त्याने केलेलं कोकणीचं व्याकरणही राशोललाच 1640 मधे छापलं गेलं, तो गेल्यानंतर. (मराठी-कोकणी वाद घालणाऱ्यांना माझं हेच सांगणं, या एका माणसाने दोन्हींची सेवा केली.) योगायोग बघा, 1580 ते 1640 पोर्तुगालवर स्पेनचाच राजा होता, म्हणजे ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा गोव्याचा राजाही इथलाच.

फुलांमधे मोगरा तशी भाषांमधे मराठी, या त्याच्या ओव्या आम्ही शाळेत पाठ केल्या, मार्कही मिळाले. पण त्या छापल्या ते गाव आमच्यापासून गाडीने तास-दीड तासावर आहे हे कोणी सांगितलं नाही. आमची सहल जुन्या गोव्याला जायची, बॉम जेझू चर्चमधे वीस मिनिटं, बाहेर ग्रूप फोटो, मग बागेत जेवण, तिथे कोणी काही वाचलं नाही की विचारलं नाही. सरांना दोष देत नाही, दोन बसमधली पोरं सांभाळायची म्हणजे सोपं नसतं.

म्हणून गोव्यातल्या शाळांना माझी कळकळीची विनंती, वर्षातून दोनदा तरी मराठीचा तास बाहेर भरवा. सहल नको, तास. एकदा राशोलला, तिथल्या सेमिनरीला (पाद्री घडवणाऱ्या संस्थेला) आधी विचारून, नाहीतर तिथल्या किल्ल्याच्या वेशीजवळ बसून पोरांना त्या ओव्या मोठ्याने म्हणू दे. एकदा नार्व्याला, सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेचा लेख आहे, शके 1590 चा, म्हणजे 1668. तो एकेक अक्षर लावून पोरांनीच वाचायचा, शकात 78 मिळवून सन त्यांनीच काढायचं, अडलं तर देवळातल्या भटजींना विचारायचं. एका शनिवारची सकाळ पुरते, आणि एका वेळी एकच वर्ग न्यायचा, नाहीतर परत गर्दी.

मी डिसेंबरात महिनाभर घरी येतेय. डिचोली, साखळी, मये भागातली कुठलीही शाळा नार्व्याला असा तास भरवणार असेल तर मी यायला तयार आहे, पैसे नकोत. लेख मी आधी स्वतः नीट वाचून ठेवीन, पोरांना शोधायला काय काय द्यायचं त्याची यादीही करून आणीन.

आपली,
एक विद्यार्थिनी
डिचोली, सध्या मुक्काम सालामांका