डिस्चार्जआधी कूस बदलायला शिकवा

संपादक महोदय,

झाडावरून, विहिरीत किंवा परांचीवरून पडून पाठीच्या कण्याला मार बसला, तर मणक्यात स्क्रू-रॉड बसवण्याचं ऑपरेशन आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होतं. घरी पाठवताना मात्र कागदावर बहुधा एवढंच असतं, 'फिजिओथेरपी चालू ठेवा'. असा माणूस पुढे दगावतो तो बऱ्याचदा कण्यामुळे नव्हे, तर माकडहाडावरच्या जखमेमुळे किंवा मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या जंतुसंसर्गामुळे.

कण्यातला मज्जारज्जू दुखावल्याने कमरेखाली जाणीव नसते, त्यामुळे कातडी चिरडतेय हे कळत नाही. अंथरुणात दर २ तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चाकाच्या खुर्चीत दर १५-२० मिनिटांनी पुढे झुकून बैठकीवरचा भार काढायचा. हातांवर अंग क्षणभर उचललं की काम झालं, असं समजतात. पण दाबलेल्या कातडीत रक्त परतायला दीड-दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ खांदे टिकत नाहीत. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून रोज हाताच्या मागच्या बाजूने चाचपावं. एखादी जागा गरम किंवा कडक लागली, तर त्या अंगावर झोपवू नये, चोळू तर मुळीच नये. हवा भरलेली रबरी रिंग घरोघर आणली जाते. तिची कडा भोवतीचा रक्तपुरवठा तोडते आणि मधली कातडी जास्तच लवकर मरते.

लघवीची नळी महिनोन् महिने आत ठेवली की खडे होतात, जंतू घर करतात. मूत्राशय रिकामं करायला दर ४ ते ६ तासांनी १२ किंवा १४ नंबरची साधी नळी स्वतः घालावी, साबणाने हात धुऊन. एका वेळी ५०० मि.ली.च्या वर लघवी निघाली तर अंतर कमी करायचं. म्हणून सुरुवातीला मापाचं भांडं हवंच. नळी कायमची असेल, तर घरी नेताना जीपमध्ये पिशवी मांडीवर ठेवू नका, लघवी उलटी आत जाते.

कण्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर नुसती गोळी देऊन निजवू नये. आधी ताठ बसवा, नळीला पीळ पडलाय का पाहा. लघवी तुंबली की रक्तदाब झपाट्याने चढतो. तरीही उतार पडला नाही तर तडक दवाखाना.

हे शिकवायला महागडं यंत्र लागत नाही. व्हॅलेरी टेलर या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टनी १९७९ साली ढाक्यात पडीक गोदामांत सुरू केलेलं पुनर्वसन केंद्र पुढे ढाक्याजवळच्या सावर या गावी गेलं. तिथे रुग्ण घरी परतण्याआधी काही दिवस गावासारख्या वसतिगृहात राहून रोजची कामं करून पाहतो. खुर्च्याही तिथल्याच कार्यशाळेत, मातीच्या रस्त्यांचा विचार करून बनतात.

आपल्याकडे निदान एवढं करता येईल. घरच्या माणसाने नर्ससमोर तीनदा कूस बदलून आणि तीनदा नळी घालून दाखवल्याशिवाय डिस्चार्जवर सही होऊ नये. शिबिरात सरसकट १८ इंची खुर्च्या वाटण्याऐवजी बसलेल्या माणसाच्या नितंबांची रुंदी मोजावी. बारीक माणूस रुंद खुर्चीत एका बाजूला कलतो, आणि जखम त्याच बाजूला होते. खुर्चीसोबत जाड फोमची गादी द्यावी आणि पुढची चाकं मोठी असावीत. छोटी चाकं शेणामातीच्या अंगणात रुततात. मग खुर्ची ओसरीत पडून राहते.

आपले,
पुनर्वसन विभागातील काही फिजिओथेरपिस्ट व परिचारिका